दळवीकाकांनी डाव घोषित केला

जगात कुठेही, कुणीही डाव घोषित करायला उशीर केला की दळवीकाकांचं पित्त खवळतं. काका कणकवलीचे, बहरीनला मनामात एका एसी कंपनीच्या स्टोअरवर कामाला. इंग्लंडच्या कौंटी क्रिकेटशी त्यांचा संबंध एवढाच, की ड्यूटीवरून आल्यावर ती चार-चार दिवसांची मॅच ते मोबाइलवर लावून बसतात. तिकडे स्टेडियमात मोजकी म्हातारी माणसं असतात. इकडे आमच्या बिल्डिंगमध्ये दोघं, काका आणि शेजारचा वसईचा फिलिप.

"सोड की मेल्या डाव! मुहूर्त बघतोस काय?" काका गोऱ्या कॅप्टनला सुनावायचे.

"थांब ना दळव्या, अजून पन्नास होऊ दे," फिलिप म्हणायचा.

"पन्नास कशाला? समोरच्याला आशा वाटली पाहिजे. आशेने तो बॅट फिरवणार आणि आउट होणार. आशा दाखवायची, हाताला लागू द्यायची नाही!"

हे तत्त्वज्ञान घरालाही लागू. गणपतीला येताय ना, असं काकी फोनवर विचारतात. काका "इंशाल्ला" म्हणून फोन ठेवतात आणि आम्हाला सांगतात, "आशा ठेवली. आता आठवडाभर भांडण नाही."

शुक्रवारी सुट्टीला, शहराबाहेर रिफाच्या वाळूत आमच्या वीस ओव्हरच्या मॅचेस होतात. काका आमचे कॅप्टन, फिलिप समोरच्यांचा. इतक्या वर्षांत फिलिप एकदाही जिंकला नव्हता. "तुला हरवल्याशिवाय मी बहरीन सोडणार नाही," असं तो दर शुक्रवारी म्हणायचा. मग त्याच्या हॉटेलने माणसं कमी केली. व्हिसा खलास, रविवारचं विमान, आणि मध्ये एक शुक्रवार.

त्या शुक्रवारी आमची बॅटिंग आधी. चौदा ओव्हरमध्ये शंभर झाले होते आणि मी पॅड बांधून तयार होतो. एवढ्यात काका उठले आणि दोन्ही हात हलवत ओरडले, "यल्ला, चला परत! डाव घोषित!"

अंपायर बिचारा मल्याळी. "अंकल, छे ओवर बाकी है!"

"हमको नहीं चाहिए."

वीस ओव्हरच्या मॅचमध्ये डाव घोषित! माझ्या तोंडात आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. "काका, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"समोरच्याला आशा वाटली पाहिजे," काका म्हणाले. पुढचं अर्धं वाक्य त्या दिवशी आलंच नाही.

फिलिप शेवटपर्यंत टिकला. जिंकायची धाव त्यानेच काढली आणि वाळूत पोरासारखा नाचला. "हरवलं की नाही, दळव्या?"

"हिशेब चुकला रे," काका पडेल चेहऱ्याने म्हणाले. "आणखी दोन ओव्हर खेळायला हवं होतं."

आमच्या टीमने त्यांच्याशी बोलणं टाकलं. मीही रागातच होतो. सोमवारी संध्याकाळी पाण्याची मोटर लावायला सांगायला गेलो, तर दार उघडंच होतं आणि मॅच चालू होती. तेवढ्यात तिकडच्या कॅप्टनने आपली माणसं परत बोलावली. अगदी काकांच्या वेळेवर. मला वाटलं, आता शाबासकी.

"घाई काय होती?" काका मोबाइलला हळूच म्हणाले. "अजून पन्नास होऊ द्यायचे होते."

माझा राग तिथेच गेला. मी फिलिपच्या रिकाम्या खुर्चीत बसलो.

"पन्नास कशाला, काका?" मी म्हटलं. "समोरच्याला आशा वाटली पाहिजे."

काका हसले नाहीत. मोबाइल मात्र त्यांनी थोडा माझ्याकडे वळवला.