प्रॉम्प्ट साइडचे मल्लूकाका

रिक्षा डावीकडे वळवायची असली की मल्लूकाका मागून ओरडतात, "प्रॉम्प्ट साइड!" उजवीकडे म्हणजे "ओपी", ऑपोझिट प्रॉम्प्ट. शुक्रवार पेठेतले रिक्षावाले आता सरावलेत. एखादा नवखा मात्र भर चौकात ब्रेक मारून वळून बघत बसतो.

काका आमच्या समोर राहतात. वय चौऱ्याहत्तर, घरात एकटे. चाळीस वर्षं नाटकाच्या विंगेत उभं राहून त्यांनी नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. नाव कधी जाहिरातीत आलं नाही. हा सरळ सरळ अन्याय आहे, असं मी म्हणाले, तर हात जोडून म्हणतात, "बाई, त्याच्यावर पत्रक काढू नकोस."

पत्रकं मी काढते, हे खरंय. सरकारी कागद मराठीतच हवा, म्हणून दोन वर्षं चौकाचौकात वाटतेय. आणि हा माणूस रोज सकाळी वही घेऊन माझ्याच दारात इंग्रजी शिकायला हजर!

"या वयात कशाला हवंय हे?"

"नकाशा इंग्रजीत हाय की."

काकांचं नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद आहे. नव्या बांधकामाचा नकाशा दारावर डकवलाय, अर्थातच इंग्रजीत. काकांनी तो बोट ठेवून ठेवून वाचला. डाव्या विंगेतली त्यांची उभं राहायची जागा त्यात नव्हतीच. तिथं विजेचं पॅनेल होतं.

मग वही भरत गेली. कोशात 'प्रॉम्प्ट साइड' सापडलं त्या दिवशी ते चहाही प्यायले नाहीत. "बघ, तिकडं विलायतेत रंगमंचाच्या अख्ख्या डाव्या बाजूला आमचं नाव दिलंय. हितं आमाला साधं स्टूल दिलं न्हाई."

तेव्हापासून पंगतीत, टपरीच्या बाकावर काका डाव्या टोकालाच. रिक्षातही मला आधी चढवून स्वतः डावीकडे बसणार. ती बाजू त्यांची.

बाकीचे शब्द गल्लीवर सुटले. गॅसवाला पत्ता विसरला की "ड्राय झाला बिचारा". शेजारच्या वहिनींनी नवऱ्याचं बोलणं तोडलं की, "वहिनी, त्याला अपस्टेज करू नका." वहिनी आतून म्हणायच्या, "मी भाकरी करायले काका, तुमचं ते काय असंल ते नंतर!"

काकांनी नकाशावर हरकत घेतली होती, अखेर तिची सुनावणी लागली. काकांचं भाषण मी लिहिलं, त्यांनी तोंडपाठ केलं. नकाशा काढणारे साहेब हसत म्हणाले, "हल्ली प्रॉम्प्टर लागतो कुठं?"

काका उठले. तोंड उघडलं. शब्द नाही. मागं कुणीतरी खुसखुसलं. माझ्याकडे चांगला तिखट परिच्छेद तयार होता, जिभेवर आलाही होता. पण काका वही उलटीच धरून पानं चाळत होते. माणूस ड्राय झाला होता. मी मागून वाकले आणि हळूच म्हणाले, "नट कितीही मोठा असला..."

"नट कितीही मोठा असला," काका म्हणाले, "तरी एक दिवस अडकतो. त्या दिवशी त्याला डावीकडं माणूस दिसायला पायजे. निम्म्या वेळा वाक्य सांगावंच लागत न्हाई साहेब, माणूस दिसला की पुरतं." हे शेवटचं काही मी लिहिलेलं नव्हतं. मग पुढं जाऊन त्यांनी नकाशावर बोट टेकवलं. "प्रॉम्प्ट साइड. हितं."

साहेबांनी तिथं पेन्सिलनं गोल केला आणि "बघू" म्हणाले. 'बघू'वर माझा काडीचा विश्वास नाही. पुढचं पत्रक तयार आहे.

बाहेर आल्यावर काकांनी आधी रिक्षाला हात केला. मग म्हणाले, "घाई केलीस. अडकलेल्याला आधी श्वास घेऊ द्यायचा असतो."

मी उखडले. "मग काय गप्प बसायचं होतं?"

"तसं न्हाई गं." त्यांनी वही पिशवीत घातली. "मला आजवर कुणी वाक्य दिलं नव्हतं."

रिक्षा आली. काका माझ्याआधी चढले, सरकत सरकत पार उजव्या टोकाला गेले, आणि डावीकडची मोकळी जागा हातानं झटकून म्हणाले, "बस."