पोरं वाटंत हायत

आभाळात माणूस प्रवासाला निघाला, की आमच्या शेजारच्या शांताक्का घर झाडत नाहीत.

घरचं माणूस गावाला निघालं, की लगेच केर काढू नये, ही रीत आपल्याकडे पुष्कळ घरांत आहे. शांताक्कांनी ती थेट अंतराळवीरांना लावली. यान उडालं, की केरसुणी दाराआड. ते वरच्या स्थानकाला जोडलं गेलं, म्हणजे मंडळी मुक्कामी पोचली, मग झाडलोट. परतीला निघाली, की पुन्हा बंद. अमेरिकन, रशियन, चिनी, सगळी त्यांची ‘पोरं’, मग एखादा पन्नाशीचा का असेना. पायाला पीठ लागतंय अशी कुणी तक्रार केली, तर उत्तर ठरलेलं, “पोरं वाटंत हायत.”

अक्का कडक भाकरी करून विकतात. मी निवृत्त विज्ञानशिक्षक, त्यामुळे बातम्या पुरवण्याचं काम माझ्याकडे. मी मोबाईल लावून चुलीजवळ बसायचं आणि त्यांनी भाकरी थापता थापता शंका काढायच्या. चंद्रावर दोघं उतरले आणि तिसरा वर एकटाच घिरट्या घालत राहिला, हे ऐकल्यावर कितीतरी दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत, जणू त्याला वर मीच ठेवला होता. वाटेत टाकी फुटल्यामुळे चंद्राला न टेकताच सुखरूप माघारी आलेल्या तिघांची गोष्ट त्यांची फार आवडती. पण ते थंडीनं काकडले म्हटलं, की त्यांना राहवत नाही. सोलापूरची एकेक चादर बरोबर दिली असती, तर यानाला काय जड होणार होती, असं त्या मलाच विचारतात.

न परतलेल्यांच्या गोष्टीही त्या मागून मागून ऐकतात. जमिनीवर सराव चालला असताना आग लागली आणि दार उघडेना. एकदा उतरताना यानाची हवाई छत्रीच नीट उघडली नाही. एकदा यान व्यवस्थित उतरलं, दार उघडून बघतात तर तिघंही हवेवाचून गेलेले. एक तर घर जवळ आलं असताना आभाळातच तुटलं. दर वेळी अक्का विचारतात, त्यांच्या घरी कोण कोण होतं? ते मी कुठून सांगणार!

गेल्या महिन्यात एक यान दुपारी समुद्रात उतरायचं होतं. प्रवासाहून येणाऱ्यावरून उतरून टाकायला अक्कांनी भाकरतुकडा आणि तांब्याभर पाणी तयार ठेवलं होतं. यान हवेत शिरलं, भोवती आगीचा लोळ उठला आणि त्याच्याशी बोलणं तुटलं. असं तुटतंच. ते का तुटतं हे मी जन्मभर वर्गात शिकवलं, तरी मी मोबाईलचा आवाज पुन्हा पुन्हा वाढवून बघत होतो.

तेवढ्यात मागून खर्र खर्र आवाज आला. सून महादेवी बाहेरून आली होती आणि पाहुणे यायचेत म्हणून पडवी झाडत होती. तिला बिचारीला आज यान उतरतंय हे कुठे ठाऊक!

अक्का ओरडल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपत होती, तिच्याकडेही त्यांनी बघितलं नाही.

“मी बी असंच केलतं, मास्तर,” त्या हळूच म्हणाल्या. “मालक चादरींचा ट्रक घिऊन हैद्राबादला निघाले. लेकरू रांगत व्हतं, खाली ज्वारी सांडलेली. ट्रक गल्लीच्या भायेर पडला न्हाय तवर मी केर काढला. ते परत आलेच न्हाईत.”

इतकी वर्षं मी शेजारी राहतो. अपघाताचं मला माहीत होतं. केराचं नव्हतं.

मोबाईल खरखरला. यानातून माणसाचा आवाज आला आणि आभाळात छत्र्या उघडल्या, एकामागून एक, सगळ्या! मी या वयात चक्क उडी मारली. महादेवी केरसुणीसकट धावत आली. “बंदरू, बंदरू,” अक्का त्यांच्या माहेरच्या कानडीत म्हणत होत्या, “आली की गं पोरं.” त्यांनी भाकरतुकडा मोबाईलवरून ओवाळला, वर पाणीही फिरवलं. त्यातलं निम्मं माझ्या मोबाईलवर सांडलं, पण बोलायची सोय नव्हती.

तुकडा बाहेर टाकून त्या परत आल्या आणि सुनेच्या हातातल्या केरसुणीकडे बघत राहिल्या.

“सगळी पडवी झाडलीस?”

“व्हय, आत्या. थोडी ऱ्हायली.”

“तरी बी आली पोरं.”

“आली की.”

“म्हंजी केरानं काय होत न्हाय,” अक्का म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून खूप रडल्या.

मग डोळे पुसून त्यांनी सुनेच्या हातातून केरसुणी घेतली आणि राहिलेली पडवी स्वतः झाडली.