सबनिसांचा धाकटा

ऐन ऑगस्टच्या दुबईत, घरात पाहुणे बसलेले असताना एसी बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमचे डिस्कव्हरी गार्डन्समधले शेजारी सबनीस.

याला कारण एक घासलेली रेकॉर्ड. आपल्या पणजोबांच्या काळातले दोन गरीब, काळे अमेरिकन गवई. एकाकडे गिटार, दुसऱ्याकडे माउथ ऑर्गन. चार-दोन रेकॉर्डी केल्या आणि कुठे गडप झाले देव जाणे. सबनीस त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत, जणू नात्यातलेच कुणी. थोरला आपलं दुःख ओळीओळीने सांगायचा, धाकटा प्रत्येक ओळीला नुसता ‘हूं’ म्हणायचा. नेमकी त्या ‘हूं’च्याच जागी रेकॉर्ड घासलेली. एसीची घरघर थांबली की धाकटा ऐकू येतो, असा सबनिसांचा दावा होता.

दर शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, “यल्ला, चला, एसी बंद!” असा हुकूम सुटायचा आणि आम्ही घामाने निथळत बसायचो. धाकटा आला का, असं ते दर ओळीला विचारत. आम्ही माना डोलवायचो, कारण आत वहिनी बटाटेवडे तळत असायच्या. खरं सांगतो, रेकॉर्डमधून आम्हाला कधीच काही ऐकू आलं नाही. वहिनी मात्र ‘ही रड बंद करा’ म्हणून आतून ओरडायच्या आणि पुढच्याच ओळीला, हातात झारा असताना, बरोबर जागेवर ‘हूं’ म्हणायच्या. त्यांचं त्यांनाही ते कळत नसावं.

मग मंदी आली. सबनिसांची नोकरी गेली, वहिनी मुलांना घेऊन पुण्याला परतल्या. सबनिसांना रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात कसंबसं काम मिळालं.

एका शुक्रवारी मी त्यांना भेटायला गेलो. एकच खोली, एसी जोरात चालू आणि रेकॉर्ड प्लेयरवर टॉवेल.

“लावत नाही हल्ली,” सबनीस म्हणाले. “धाकटा येतच नाही इथे.”

त्यांना चिडवायला उघडलेलं तोंड मी मिटलं. सरळ पुण्याला वहिनींना फोन लावला, फोन ठेवू नका म्हणून सांगितलं, स्पीकर चालू केला आणि टॉवेल काढला. सबनिसांनी एसी बंद केला.

थोरला गाऊ लागला. पलीकडून भांड्यांचा आवाज आला.

“अजून ती रड आहेच का तुमच्याकडे?” वहिनी म्हणाल्या. आणि पुढच्या ओळीला, बरोबर जागेवर, ‘हूं’.

सबनीस हातात रिमोट धरून तसेच उभे होते.

“आला ना?” त्यांनी हळूच विचारलं.

समोर वडे नव्हते, तरी मी मान डोलवली.