टकटक फक्त आबांना

आमचे शेजारी सुकलालआबा यांच्याकडे नवी खुर्ची आली, की तिच्यावर आधी गल्लीतले तीन वजनदार गृहस्थ पाळीपाळीने बसवले जातात. तिसरा मी असतो. नव्या कुकरच्या त्यांनी एकवीस शिट्ट्या काढल्या, आत नुसतं पाणी. होणाऱ्या जावयालासुद्धा लग्नाआधी त्यांनी गव्हाची पोती उतरवायला लावली होती आणि जावई ते अजून विसरलेले नाहीत. "लोड दिधा का?" हा आबांचा जगाला एकच प्रश्न. लोड दिल्याशिवाय त्यांचा कशावरही विश्वास बसत नाही.

अमळनेरच्या एका तेलगिरणीत ते तीस वर्षं फिटर होते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालत्या मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगून मोकळं व्हायचं, ही त्यांची कला. गिरणी बंद पडली, पण स्क्रू ड्रायव्हर खिशातच राहिला.

या उन्हाळ्यात त्यांनी जळगावहून हार्ड डिस्क आणली. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या अक्कांनी, कानबाई देवीच्या सणाला म्हटलेली गाणी जुन्या कॅसेटींत होती. ती मी लॅपटॉपवर उतरवून दिली होती. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा अक्कांचा आवाज कुजबुजीएवढा उरला. आता ती गाणी जपायची, तर डिस्क भरवशाची हवी. म्हणजे लोड आलाच.

तीन दिवस तपासणीचा प्रोग्राम चालला. डिस्क पूर्ण भरायची, वाचायची, पुसायची, पुन्हा भरायची. एकही चूक निघाली नाही. मी वायर काढायला हात घातला, तर आबांनी माझं मनगट धरलं.

"थांबा मास्तर. काम सरनं ना?"

"सरलं."

"मंग ही काय करी राहिनी?"

मी कान लावला. मला काही ऐकू येईना. डिस्कचा दिवा स्थिर होता आणि लॅपटॉप म्हणत होता की काहीच चालू नाही. आबांनी स्क्रू ड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. "टक... टक... टकटक. हाईमा काहीतरी शे." मी स्क्रू ड्रायव्हर मागितला, तो मिळाला नाही. गिरणीच्या मालकालाही तो कधी मिळाला नव्हता. दोन दिवस आबा डिस्कपाशी बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मला जळगावला घेऊन गेले.

दुकानदाराने डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली, कानाशी धरली आणि हसला. "आबा, डिस्क नवी आहे, कान जुने झाले. एकदा दाखवून घ्या."

आबांचा चेहरा असा उतरला, की मलाच दुकानदाराचा राग आला. ते तडक बाहेर गेले. मला वाटलं, हरले. पण पाच मिनिटांत ते शेजारच्या किराणा दुकानातून तेलाचा रिकामा डबा घेऊन परतले. डबा पालथा घालून वायरसकट डिस्क त्यावर ठेवली, पंखा बंद केला आणि दुकानदार नको नको म्हणत असताना शटर खाली ओढलं. मे महिन्यात, बंद दुकानात, आम्ही तिघं घामाने निथळत उभे राहिलो.

आणि डबा बोलला. टक... टक... टकटक.

दुकानदाराने निमूटपणे कोणा जाणकाराला फोन लावला. उत्तर साधं निघालं. एवढ्या कामानंतर डिस्क रिकामी बसली, की स्वतःच आतले सगळे कप्पे फिरून तपासते. लॅपटॉपला त्याचा पत्ताही नसतो. बिघाड काही नाही.

"म्हणजे ही बी मनासारखीच शे, तपासाबिगर चैन नही," आबा म्हणाले आणि डिस्क छातीशी धरून निघाले.

परतीच्या गाडीत ते फुशारकी मारतील, अशी माझी खात्री होती. पण धरणगाव येईपर्यंत ते डिस्क मांडीवर धरून बसले होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी घाबरी गयथू, मास्तर. मले वाटनं, मना कान ग्यात. कानच ग्यात, त घरमा तिनं बोलणं कोण ऐकी?"

बंद दुकानात त्या डब्यावर डिस्क नव्हे, स्वतःचे कान तपासत होता हा माणूस.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून मी सगळी गाणी डिस्कवर घेतली आणि एक लावून पाहिलं. अक्कांचा जुना आवाज असा खणखणीत निघाला, की समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. मीही रंगून गेलो होतो. एवढ्यात आबांनी हात वर केला.

"बंद करा."

त्यांना भरून आलं असावं, असं समजून मी गाणं थांबवलं.

"चहा झाया. ती बलाई राहिनी."

मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. ओसरीच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते आणि आबा केव्हाच उठून निघाले होते.