सही कुणाची?

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल लिहायचं म्हणजे आगाऊपणाच. वाचकांनी माफ करावं. पण आमच्या अख्ख्या कंग्राळी गावात शंकरआण्णांसारखा दुसरा माणूस नाही.

बेळगावच्या एका कचेरीतून निवृत्त झालेले आण्णा डाउनलोड केलेली कुठलीही फाइल चौकशीशिवाय उघडत नाहीत. आणि चौकशी कशी, तर मुलगी द्यायच्या घराची करतात तशी. आधी फाइलवरची डिजिटल सही शोधायची आणि विचारायचं, "पावणं कुठलं? सही कुणाची? सहीला साक्ष कुणाची?"

एकदा मित्रानं ग्रुपवर टाकलेलं सॉफ्टवेअर मी घेऊन गेलो. सहीचा पत्ताच नव्हता.

"घर न्हाय, गाव न्हाय. हेला कट्ट्यावर बी बसवायचं न्हाय!" आण्णांनी ते पुसून टाकलं आणि कंपनीच्या साइटवरून नवं उतरवलं. सही बरोबर निघाली. मी उघडायला गेलो, तर हात धरला.

"दम खा रं. सही बरोबर म्हंजे पोरगं त्याच घरचं, वाटंत कुणी बदललं न्हाय. गुणाचं हाय का, ते येगळं इचारायचं."

दारात उभी राहून माझी आई म्हणाली, "आण्णा, फायलींची एवढी चौकशी करतासा. जावयाची कवा करणार?"

आण्णांनी तोंड पडद्याकडे वळवलं. त्यांच्या लेकीनं, सुनंदानं, बेंगळुरात स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. 'चौकशीबिगर लगीन' म्हणून आण्णा गेले नाहीत, तेव्हापासून बोलणं बंद. काकू तर त्याआधीच वारलेल्या. घरात आण्णा आणि कॉम्प्युटर.

परवा सुनंदाताईचा मेल आला. जावयानं आण्णांसाठी मराठी टायपिंगचा प्रोग्राम स्वतः लिहून पाठवला होता. घरगुती काम, त्यावर सही कुठली? मला वाटलं, आता हाही पुसणार. पण आण्णांचं बोट हलेना.

"ठसा जुळवून बघूया," ते हळूच म्हणाले. ठसा म्हणजे फाइलवरून निघणारी अक्षरांची लांबलचक रांग. फाइलीत एवढंसं काही बदललं, तरी ती बदलते. खरा ठसा लिहिणाऱ्याकडेच मिळणार.

"मेलमधल्या नंबरावर न्हाय हं. मेल खोटा असंल, तर नंबर बी खोटाच," म्हणत त्यांनी लेकीचा जुना नंबर लावला. उचलला जावयानं. ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली.

"तुमच्या फायलीचा ठसा वाचा. सावकाश."

तिकडून एकेक अक्षर येत होतं, आण्णा पडद्यावर बोट ठेवून जुळवत होते. मध्येच मागून बारीक रडणं ऐकू आलं. बोट थांबलं.

"कोण रडतंय?"

"तुमची नात, आण्णा. तुम्हाला कसं कळवावं, तेच सुचत नव्हतं."

निम्मा ठसा अजून जुळवायचा होता.

"ऱ्हाऊ दे ते," आण्णा म्हणाले. "फोन तिच्याजवळ धरा."