जिवंतांच्या मृत्युवार्ता

दिनांक ९ डिसेंबर १९८५ रोजी, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नारनवरे माझ्या पांढुर्ण्याच्या घरी आले आणि तुमच्या मृत्युवार्तेत एक दुरुस्ती करायची आहे, असे मला म्हणाले. सुनेने चहाचे पाणी चढवले. तिला या वाक्याची सवय होती.

नारनवरे जाम नदीपलीकडे सावरगावात राहत. व्यवसायाने संपादक, नोकरी मात्र कुठेच नाही. पांढुर्णा आणि सौसरचे छापखाने स्मरणिका, मानपत्रे, निवडणुकीची पत्रके त्यांच्याकडे दुरुस्तीला पाठवत. नागपूरच्या एका दैनिकाला ते या भागातील निधनवृत्ते कळवत. माणूस गेल्यावर घरच्यांना धड काही सांगता येत नाही, म्हणून साठी ओलांडलेल्या प्रत्येकाची वार्ता त्यांनी आधीच लिहून ठेवली होती. वर्षातून एकदा घरोघर जाऊन ते ती ताजी करत. रामाकोन्यात एका वृद्धाने त्यांच्यावर काठी उगारली. नारनवऱ्यांनी समासात 'प्रकृती उत्तम, हातात जोर' अशी नोंद केली आणि पुढचे घर गाठले.

विशेषणांशी त्यांचे वैर होते. 'मनमिळाऊ' दिसले की विचारत, "कोणासंग मिळाला? नाव सांगा." माझ्या वार्तेत मी 'शिस्तप्रिय' सुचवले होते.

"गुरुजी, पोट्टे तर मारकुटे म्हणत तुमाले."

"मग तसे लिहा."

"लिहिलं हाय. पेन्सिलनं."

त्या दिवशीची दुरुस्ती किरकोळ होती. मला तिसरे नातवंड झाले होते. त्यांनी दोनाचे तीन केले, फाईलची दोरी बांधली. पण ते उठले नाहीत. चहा संपला तरी बशी हातातच होती. मग त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"हे तुमी लिहा. स्वतःचं मले नाही लिहिता येत. चार डाव लिहाले बसलो."

मी कारण विचारले. दुसऱ्या दिवशी त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी भरती व्हायचे होते. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती आणि सोबत माणूस आणायला बजावले होते.

"सांगतलं त्याइले, माणूस येऊन राहिला मागून म्हणून."

"कोण येत आहे?"

"कोणी नाही. खाट देत नव्हते, म्हणून म्हटलं."

मी लेखणी घेतली. नाव, वय चौसष्ट, गाव. व्यवसायापाशी थांबलो.

"स्वतःच्या नावाने काय छापले?"

"काही नाही. चाळीस वर्षं लोकायचं नीट केलं. ते बी वाण्याच्या पुडीले गेलं."

मी ते वाक्य लिहू लागलो. त्यांनी कागदावर बोट ठेवले.

"ते कापा. तक्रार वाटते."

कापले. पुढची ओळ राहिली होती.

"पश्चात?"

नारनवऱ्यांनी बशी खाली ठेवली. पत्नी जाऊन अकरा वर्षे झाली होती. मूल नव्हते.

"तिथं रेघ मारा," ते म्हणाले. "जागा वाचते."

याच ओळीसाठी हा मनुष्य भर उन्हात गावोगाव फिरला होता. कोणाची सून आधी, कोणाचा जावई नंतर, हे लोकांच्या ओसरीवर बसून तासभर ऐकत होता. तो सारा तपशील एका पोस्टकार्डावर मागवता आला असता. मी त्यांना हे कधी सुचवले नव्हते. त्यांना ते सुचलेच नसावे, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

मी रेघ मारली नाही. कागद घडी करून माझ्याकडेच ठेवला.

"गाडी कोणती?"

"सकायची पॅसेंजर. काहून?"

मी रिकामी बशी उचलली. त्यांनी फाईल काखेत मारली, सुनेला तिसऱ्या नातवंडाचे नाव विचारून टिपून घेतले आणि पुलाच्या दिशेने निघून गेले.

संध्याकाळी मी थैलीत एक धोतर, पंचा, तांब्या आणि दवाखान्याच्या फरशीवर अंथरायला सतरंजी भरली, आणि सुनेला दोघांपुरत्या भाकरी बांधून ठेवायला सांगितले.