हरणवालीचे पाच मासे

"अख्ख्या जंगलातली हरणं सांभाळते मी, मला पाच मासे नाही सांभाळता येणार?" असं सासूबाईंना ठणकावून सांगत तिने लेकीच्या खाटेशेजारी काचेची टाकी मांडली, तेव्हाच कुणीतरी तिच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता.

घरात तिला हरणवाली म्हणत. पीएचडी होऊनही तिचं संशोधन संपलं नव्हतं. कळप घटला की बाहेरून थोडी हरणं आणून सोडायची, फार वाढला की थोडी उचलायची, म्हणजे तो स्थिर राहतो, असं तिचं गणित. कॉम्प्युटरवरचा कळप शहाण्या बाळासारखा वागे. खऱ्या जंगलातली मोजणी मात्र झोपाळ्यासारखी वरखाली होई. का, ते सोमवारपर्यंत सांगता आलं नाही तर फेलोशिप वाढणार नाही, असं तिच्या गाइड मॅडमनी अगदी गोड आवाजात कळवलं होतं.

त्यातच शुक्रवारी सकाळी एक मासा उताणा तरंगताना दिसला.

लेक झोपेत होती. हरणवालीने मासा गुपचूप काढला आणि दुपारी तसाच केशरी मासा आणून सोडला. पण टाकीत चारच उरलेले नवऱ्यानेही सकाळी पाहिले होते. ऑफिसातून येताना तोही एक घेऊन आला आणि घाईघाईने सोडून मोकळा झाला. मोजत कोण बसतंय. सासूबाईंचा टाकीला पहिल्यापासून विरोध, पण नातीचे डोळे भरलेले त्यांना बघवत नसत. भाजीच्या पिशवीतून त्यांचाही एक आला. कुणी कुणाला बोललं नाही.

जेवताना तिघांनीही चोरून मोजले. सात! एवढ्याशा टाकीत बिचारे गुदमरतील, म्हणून लेक झोपल्यावर प्रत्येकाने आपापल्या सवडीने, दिवा न लावता, चाचपडत दोन-दोन उचलले.

सकाळी लेक टाकीसमोर उभी होती.

"एक," ती म्हणाली. खालचा ओठ हळूहळू पुढे येऊ लागला.

तिघंही आपापले लपवलेले मासे आणायला स्वयंपाकघरात धावली आणि परतताना दारातच एकमेकांवर आदळली. सासूबाईंच्या हातात तांब्या, नवऱ्याच्या हातात डबा, हिच्या हातात प्रयोगशाळेतलं चंचुपात्र. तिन्हींत दोन-दोन मासे.

"आई, तू पण?" नवरा म्हणाला.

"मग पोरीला रडू द्यायचं का? आणि तुझी बायको एवढी गणितवाली, तिने एकदा विचारायचं तरी आम्हाला."

हरणवाली जागीच थबकली. जंगलातही हरणं सोडणारी वनखात्याची ऑफिसं तीन होती. घट दिसली की तिघं सोडत, गर्दी दिसली की तिघं उचलत, आणि एकमेकांना कुणी विचारत नसे. तिच्या गणितात मात्र हात एकच होता.

"आई, माझी फेलोशिप वाचवलीत हो तुम्ही," म्हणत ती सासूबाईंच्या गळ्यात पडली. मासे थोडक्यात बचावले. मॅडमना फोन गेला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, सोमवारी त्या टाकीचा फोटोसुद्धा दाखव.

या खेपेला तिघांनी एकमेकांना विचारून चार मासे परत सोडले. दोन तांब्यातच ठेवले, दुकानात परत द्यायला. लेकीने काचेला नाक लावलं.

"एक, दोन, तीन, खूप!" ती टाळ्या पिटत म्हणाली.

नवऱ्याने सावकाश विचारलं, "राणी, तीनच्या पुढे किती गं?"

"खूप."

म्हणजे शुक्रवारी सकाळी चार उरले होते, तेही खूपच होते. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. हरणवालीने मान खाली घालून लॅपटॉप उघडला. साऱ्या जंगलाची मोजणी तिला तोंडपाठ होती. लेकीला कुठवर मोजता येतं, तेवढंच बघायचं राहून गेलं होतं.